पिंपळे सौदागर : एका गावाच्या वाटण्यांचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. १७३९ साली वसईचा किल्ला पडला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. परंतु आपल्या आजोबांच्या आजोबांकडे जमीन किती होती आणि तिच्यावर किती माणसे जेवत होती, हे सांगू शकणारा विरळाच. नांगर धरणाऱ्या माणसाचा इतिहास लिहून ठेवण्याची चाल आपल्याकडे फारशी नव्हती. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची कहाणी म्हणूनच मोलाची ठरते.

पवना नदीकाठच्या या गावाच्या नावावर कोणतीही लढाई नाही. डॉ. हॅरल्ड मॅन यांनी त्याला इतिहासात स्थान मिळवून दिले. मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ; १९०७ साली ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शेती सुधारायची, तर आधी शेतकऱ्याचे घर समजून घेतले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हाणे आदी सहकाऱ्यांसह त्यांनी या गावाची बारकाईने पाहणी केली. जमिनीचा कस, पिके, गुरेढोरे, घराघराचे उत्पन्न, खर्च आणि कर्ज या सर्वांची नोंद झाली. १९१७ साली ही पाहणी मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेतील पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाली.

मॅन तेवढ्यावर थांबले नाहीत. जुने कागद चाळून त्यांनी गावाचा पेशवाईपर्यंत माग काढला. तेव्हा जे आकडे हाती आले, ते पुढे भारतीय शेतीच्या अभ्यासात वारंवार उद्धृत झाले. १७७१ साली या गावातील एका खातेदाराची जमीन सरासरी ४० एकर होती. १८१८ साली, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षी, ती साडेसतरा एकरांवर आली. १८२० ते १८४० या काळात ती १४ एकर झाली आणि १९१४-१५ साली अवघी ७ एकर उरली. गावाची शीव जागच्या जागी राहिली. आतले बांध मात्र वाढत गेले.

या आकड्यांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ४० एकरांची साडेसतरा एकर झाली, ती इंग्रजी अंमल येण्यापूर्वीच्या ४७ वर्षांत. तेव्हा सगळा दोष परक्या सत्तेच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येत नाही. बापाच्या मागे सर्व मुलांना सारखा वाटा, ही आपल्या समाजाची न्यायाची कल्पना. तिच्यात वावगे काय? परंतु भावाभावांत न्याय करता करता जमिनीचे तुकडे पडत गेले. शिवाय जमीन सर्वत्र सारख्या कसाची नसते. नदीकाठची काळी वेगळी आणि माळाची बरड वेगळी. म्हणून प्रत्येक भावाला प्रत्येक शेतात वाटा हवा असे.

परिणाम काय झाला पाहा. मॅन यांच्या वेळी गावात १५६ जमीनमालक होते आणि जमिनीचे तुकडे होते ७२९. त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकरापेक्षा लहान, तर ११२ तुकडे पाव एकराहूनही, म्हणजे दहा गुंठ्यांहूनही, लहान. दहा गुंठ्यांत औत धड वळत नाही. त्यात विहीर खणणे परवडत नाही. एका तुकड्यावरून दुसऱ्या तुकड्यावर बैल नेण्यातच सकाळ सरते.

शेतकऱ्याच्या दैन्याला त्याचा आळस किंवा लग्नकार्यातील उधळपट्टी कारणीभूत आहे, असे त्या काळी सुशिक्षितांत सर्रास बोलले जाई. पाहणीतील हिशेब वेगळेच सांगत होता. पाहिलेल्या कुटुंबांपैकी सुमारे ६५ टक्के कुटुंबांना आपल्या मिळकतीत साधा निर्वाहही साधत नव्हता. केवळ शेतीवर सुस्थितीत राहणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ज्यांचे बरे चालले होते, त्यांपैकी बहुतेकांना बाहेरच्या मजुरीची जोड होती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून जवळच उभा होता आणि गावातील हातांना तेथे काम मिळे. नावाने शेतकऱ्यांचे असलेले हे गाव निम्मेअधिक शहराच्या पगारावर जगू लागले होते.

शहरापासून दूर असलेल्या गावाचे काय, हे पाहण्यासाठी मॅन आणि कानिटकर यांनी पुणे जिल्ह्यातीलच जातेगाव बुद्रुक निवडले. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत अशा अडचणीतील कुटुंबांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के निघाले. जेथे कारखान्याचा भोंगा ऐकू येत नव्हता, तेथे भूक अधिक होती.

पुढे तुकडे पडणे थांबवावे आणि पडलेले एकत्र करावेत, म्हणून मुंबई प्रांतात १९४७ साली कायदा झाला. परंतु कायद्यापेक्षा शहराची वाढ वेगवान ठरली. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६० नंतर मोटारी आणि स्कूटरींचे कारखाने आले. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. हिंजवडीला संगणक उद्योग आल्यावर पिंपळे सौदागरच्या शेतांत बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. ज्या दहा गुंठ्यांवर एक कुटुंब पोसले जात नव्हते, त्या दहा गुंठ्यांवर आज कितीतरी कुटुंबे राहतात. ज्यांच्या नावे सातबारा होता, त्यांना मोबदला मिळाला. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली, त्यांच्याजवळ दाखवायला उताराच नव्हता.

वसईच्या पानमळ्यांत आणि केळीच्या वाड्यांत वाढलेल्या वाचकाला ही कहाणी परकी वाटू नये. आपल्याकडेही वाडीचे वाटे झाले, मुले सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊ लागली आणि वाडीच्या जागी इमारत आली. फरक एवढाच की, आपल्या गावाला डॉ. मॅन भेटले नाहीत. तरीही साधने आपल्या हाताशी आहेत. प्रत्येक जुन्या धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या आहेत. घराघरांत पिवळे पडलेले उतारे, गहाणखते आणि वाटणीपत्रे आहेत. आणि कोणत्या वाफ्यात काय पिकत होते, हे सांगणारी वडीलधारी माणसे अजून ओट्यावर बसलेली आहेत. धर्मग्रामातील दोनचार तरुणांनी वही-पेन्सिल घेऊन त्यांच्यापाशी बसावे, एवढे काम आपल्याला सहज करता येईल. ओट्यावरची जागा रिकामी होण्याआधी ते झाले पाहिजे.