सार्वजनिक घरमालक आणि भाड्याची मर्यादा

जुन्या हैदराबाद राज्याचा ठसा धाराशिव जिल्ह्याच्या बोलीत आणि जमिनीच्या कागदपत्रांत आपण शोधतो. घरभाड्याच्या कायद्यात तो विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकून होता, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला; तरी येथील घरमालक-भाडेकरूंचे तंटे हैदराबादच्या १९५४ च्या कायद्यानुसारच चालत. विदर्भात १९४९ चा आदेश होता, मुंबईकडे १९४७ चा कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि या तिन्हींची जागा त्याने घेतली. खाजगी घरमालकाला भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करण्याचा हक्क त्याने दिला.

परंतु याच अधिनियमाचे तिसरे कलम शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागा कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवते. म्हणजे धाराशिव, तुळजापूर वा उमरगा येथील नगरपरिषदेच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला या कायद्याचे संरक्षण नाही. जो आपला प्रतिनिधी, त्याच्यापासूनच संरक्षण नसावे, हे कसे?

हा अपवाद १९४७ च्या मुंबई कायद्यातही होता आणि त्यामागे मुंबईचाच अनुभव होता. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी चाळी उभारल्या. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात सुमारे सोळा हजार झाल्या. बांधकामाचा खर्च भरून काढील असे भाडे कामगाराला परवडणारे नव्हते. म्हणून शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून तूट भरण्याची योजना होती. सार्वजनिक घराचे भाडे केवळ खर्चावरून ठरत नाही, राहणाऱ्याच्या ऐपतीचाही त्यात विचार असतो, ही कल्पना येथे दिसते.

पुढे बाबुराव शांताराम मोरे विरुद्ध मुंबई गृहनिर्माण मंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाला मिळालेली अशी सूट वैध ठरवली. जी संस्था नफ्यासाठी घरे देत नाही, तिला खाजगी मालकाहून निराळे वागवण्यात विषमता नाही, असा त्याचा आशय होता. सूट होती ती विश्वासापोटी. मुंबई बंदराच्या जागांसंबंधी १९८९ व २००४ साली दिलेल्या निर्णयांत न्यायालयाने या विश्वासाची दुसरी बाजू मांडली: सार्वजनिक मालकाला भाडे वाढवता येईल, पण ती वाढ वाजवी हवी, नफेखोरीची नव्हे.

नगरपरिषदांपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परिषद स्वतः देऊ शकते. त्याहून अधिक मुदतीसाठी शासनाची मंजुरी लागते. मुदत संपली की नव्या भाड्याचा प्रश्न उभा राहतो. बाजारभाव बघावा तर गरीब भाडेकरू बाहेर पडतो. जुनेच भाडे ठेवावे तर दुरुस्तीचा भार इतर करदात्यांवर पडतो, आणि जुन्या भाड्याचा लाभ कधीकधी सधन पोटभाडेकरूच घेतो.

यावर टक्केवारीचे एकच सूत्र पुरेसे नाही. परिषदेने भाडे ज्या आधारावर वाढवले तो आधार ठरावात लिहिला, तर भाडेकरूला तो तपासता येईल आणि न्यायालयालाही. कायद्याने सूट देताना सार्वजनिक मालकाकडून एवढीच अपेक्षा धरली होती.