सुप्याचा बाजार आणि पुतणीचं घर



दिवाळीनंतर माझ्या पुतणीचा फोन आला. परभणीत घर घेताहेत. "काकू, तू बी.कॉम. झालीस ना, मग सांग, कर्ज कुठून घेऊ आणि वकील कोणता बघू?" जावईबापूंचं म्हणणं असं की बँकेचा वकील कागद बघतोच आहे, मग दुसऱ्याला आणखी पैसे कशाला द्यायचे? मी तिला सांगायचं ते पाच मिनिटांत सांगून टाकलं. पण फोन ठेवल्यावर पोळ्या लाटताना डोक्यात सुपेच फिरत राहिलं. म्हटलं, तुमच्यासाठी लिहूनच काढावं.

सुपे पुणे जिल्ह्यात, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि खातेवह्या. मिळाले ते कागद त्यांनी जाळून टाकले. हे लोण पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. जिथे सावकाराने मुकाट्याने रोखे काढून दिले, तिथे त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. राग होता तो कागदावर.

शाळेत आपण हे "दख्खनचे दंगे" म्हणून शिकलो आणि परीक्षेपुरतं पाठ केलं. पण ते सावकार होते मारवाडी आणि गुजर, आणि त्यांत जैनही होते. आपलेच. हे आपण घरात फारसं बोलत नाही. मला वाटतं, बोलायला हवं.

असं का झालं? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यातच सरकारने सारा वाढवला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. ही झाली वरवरची गोष्ट. खरी मेख होती १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात. रोखा तीनच वर्षं चालेल असा तो नियम. शेतकऱ्याच्या डोक्यावर व्याज साचत राहू नये म्हणून तो केला होता. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार नवा रोखा करून घ्यायचा, आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल होऊन बसायचं. शंभराचे दीडशे, दीडशेचे सव्वादोनशे. अंगठा उठवणाऱ्याला कागदात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. फेडीच्या पावत्या मिळत नव्हत्या. कोर्टाचं समन्स आलं तर तो भीतीने जायचाच नाही, आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन जमीन जायची.

चौकशी आयोग बसला आणि शेवटी १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून पुढे काम केलं. मी तो कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा गंमत वाटली, कारण पुतणीला फोनवर सांगितलेलं बरंचसं त्यात आधीच होतं. शेतकऱ्याचा रोखा गाव-निबंधकासमोर लिहायचा. पैसे फेडले की पावती मिळायलाच हवी. दरसाल हिशेब मागता येईल. न्यायाधीशाने नुसता रोखा न बघता व्यवहार पहिल्यापासून तपासायचा. आणि वकिलांबद्दल तर दोन कलमं आहेत. लहान रकमेच्या दाव्यांत वकील उभाच राहायचा नाही. मोठ्या दाव्यात समोरच्याचा वकील असेल आणि शेतकऱ्याला तो परवडत नसेल, तर त्याच्या संमतीने न्यायाधीश त्याच्यासाठी वकील देऊ शकेल. म्हणजे एकाच्या बाजूला वकील आणि दुसऱ्याच्या बाजूला कोणी नाही, ही खोट दीडशे वर्षांपूर्वी सरकारच्याही ध्यानात आली होती.

जावईबापूंना माझं एवढंच सांगणं आहे. बँकेचा वकील बँकेचा असतो. त्याची फी आपल्याच खिशातून जाते, तरी तो बघतो बँकेचे पैसे बुडणार नाहीत ना, एवढंच. शेजाऱ्याची वाट तुमच्या प्लॉटातून जाते की नाही, विकणाऱ्याच्या बहिणीची सही राहिली का, याची काळजी तुमची तुम्हाला. त्याच्या अहवालाची प्रत मागून घ्या जरूर, पण आपला वकील वेगळा असू द्या. विकणाऱ्याने आणलेला तर मुळीच नको.

हे मी कशावरून सांगते? आमची येलदरी पूर्णेवरच्या धरणामुळे सगळ्यांना ठाऊक. १९६८ साली ते पूर्ण झालं. मी सून होऊन आले तेव्हा सासऱ्यांचं किराणा दुकान होतं आणि थोडी देवघेवही होती. लाल कापडाच्या वहीत सगळं लिहिलेलं. आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे १८७९ चा तो कायदा आपल्याला लागू नव्हता. जुने दस्त उर्दूत, काही मोडीत. सासरे म्हणायचे, वाचता न येणाऱ्या कागदावर सही करणं म्हणजे डोळे बांधून विहिरीवर चालणं.

आणि तरीही १९९६ मध्ये आम्ही तालुक्याच्या गावी प्लॉट घेताना तेच केलं. वकील विकणाऱ्याच्या मध्यस्थाने आणलेला. पैसे आपल्यातल्याच एका गृहस्थांकडून हातउसने, महिना दोन टक्क्यांनी, कागद नाही. "आपल्यातल्या माणसाला कागद काय मागायचा!" पुढे कळलं की ती जमीन धरणग्रस्तांना मिळालेली, भोगवटादार वर्ग २, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही. सातबाऱ्यावर ते लिहिलेलं होतं. फेरफार नामंजूर झाला. तिकडे हिशेबाला बसलो तेव्हा आम्ही दिलेले दोन हप्ते त्या गृहस्थांना आठवेनात. पावती कुठे होती? माझ्या दोन पाटल्या त्यात गेल्या. प्लॉट मिळाला नाही.

पर्युषणात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचतो ना आपण, त्यात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यांत एक कूटलेखक्रिया, खोटा लेख करणं. दुसरा न्यासापहार. ठेव ठेवणारा आकडा विसरला आणि कमी मागू लागला, तर "हो हो, तेवढीच होती" म्हणणं. आपल्या आचार्यांना व्यापाऱ्याचं मन किती आतून माहीत होतं! ही व्रतं देणाऱ्यासाठी आहेत तशी घेणाऱ्यासाठीही. कागद मागणं हा अविश्वास नाही, समोरच्याला अतिचारापासून वाचवणंही आहे. हे मला १९९६ मध्ये कोणी सांगितलं असतं तर मी मागितला असता.

आता कर्जाचं. पूर्वी मध्यमवर्गाला घरासाठी कर्ज म्हणजे नातेवाईक, सावकार नाहीतर दागिने. हसमुखभाई पारेखांनी १९७७ मध्ये मुंबईत एचडीएफसी काढली, तेव्हा कुठे नोकरदाराला पगारावर घरकर्ज मिळण्याची वाट रुळली. आज फोनवर फोन येतात. दर विचारताना एकच विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? पाच लाख, दहा वर्षं, आठ टक्के. फ्लॅट असेल तर व्याज चार लाख. घटत्या शिलकीवर साधारण दोन लाख अठ्ठावीस हजार. आकडा तोच, आठ. पावणेदोन लाखांचा फरक एका शब्दात.

आणि सुप्याचा तो जुना रोखा अजून पुरता मेलेला नाही बरं का. व्याजदर वाढला की कित्येकदा हप्ता तोच राहतो आणि मुदत गुपचूप लांबते. १५ वर्षांचं कर्ज २० वर्षांचं झालेलं कळतही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की कर्जदाराला हे कळवा आणि हप्ता वाढवायचा की मुदत, ते त्याला निवडू द्या. त्याच वर्षी दुसरा नियम आला. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सुप्याच्या बाजारात कागद हिसकावून घ्यावे लागले होते. तरता दर असलेलं घरकर्ज लवकर फेडलं तर दंडही नाही. आणि मैत्रिणींनो, घर बाईच्या नावे घेतलं तर आपल्या राज्यात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती सोडू नका, आणि सही करताना आतलं वाचा, नुसतं नाव आपलं आहे म्हणून खूश होऊ नका.

पुतणीने अखेर परभणीतच दिवाणी आणि महसुली दोन्ही कामं करणाऱ्या एका वकीलबाई गाठल्या. त्यांनी तीस वर्षांचा शोध घ्यायला सांगितला आणि वर १९५४-५५ चं खासरा पत्रकही मागवलं, कारण मराठवाड्यात इनाम की कूळ, याचा माग बऱ्याचदा तिथेच लागतो. काल रात्री तिने त्याचा फोटो पाठवला. "काकू, हे अक्षर लागतंय का तुला?" चष्मा पुसून बसलेय. तिसऱ्या ओळीतलं एक नाव अजून लागत नाही.