साकाईचा चहा व कलविंकाचें नृत्य

इतिहासाच्या अभ्यासकानें परदेशीं पाहुणा म्हणून गेल्यावर यजमानांस 'यास आधार काय?' असें विचारूं नये, हा साधा शिष्टाचार होय. जपानांत आम्हीं तो पाळला. परंतु परत आल्यावर तो प्रश्न येथें मांडणें हें आमचें कर्तव्य आहे.

चहाच्या विधीचा थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) हा ओसाकाजवळील साकाई बंदराचा रहिवासी. त्याच गांवीं एका चहागृहांत आम्ही बसलों. गवती चटयांची लहानशी खोली, लोखंडी किटलीचा मंद आवाज, भिंतीवर एक लेखपट व त्याखालीं एकच फूल. यजमानीणबाईंनीं हिरव्या चहाची पूड वाडग्यांत घालून, तीवर ऊन पाणी ओतून, वेळूच्या बारीक रवीनें ती घुसळली. वाडगा पुढें येतांच नमस्कार करून तो घ्यावयाचा, त्याची दर्शनी बाजू ओठांस लागणार नाहीं असा फिरवावयाचा, मग प्यावयाचें. कोणास घाई नव्हती. कोणी वायफळ बोलत नव्हतें. शेवटीं बाई म्हणाल्या कीं, हा सर्व विधि रिक्यूनें घालून दिला तसाच आजहि चालत आहे.

या समजुतीस मोठा आधार 'नाम्पोरोकु' या सात भागांच्या ग्रंथाचा. रिक्यूचा शिष्य नाम्बो सोकेइ यानें गुरुवचनें टिपून ठेविलीं, असें त्यांत म्हटलें आहे. परंतु हा ग्रंथ उजेडांत आला तो फुकुओकाच्या कुरोदा सरदाराचा सेवक ताचिबाना जित्सुझान याच्या नकलेंतून, १६८६ ते १६९० च्या दरम्यान. म्हणजे रिक्यूच्या मृत्यूनंतर सुमारें शंभर वर्षांनीं. नाम्बोच्या हातची मूळ प्रत मिळालेली नाहीं. म्हणून खुद्द जपानी संशोधकहि आतां त्यास रिक्यूकालीन साधन न मानतां सतराव्या शतकाच्या अखेरची रचना मानतात. आपल्याकडील उत्तरकालीन बखरीची जी योग्यता, तीच याची.

समकालीन साधनें निराळीं आहेत. साकाईच्या तेन्नोजिया या व्यापारी घराण्याच्या तीन पिढ्यांनीं १५४८ पासून चहाच्या बैठकींच्या नोंदी ठेविल्या. त्यांत तिथि, पाहुणे, भांडीं व भोजन यांचीं टिपणें आहेत, उपदेश नाहीं. दुसरा साक्षी लुइश द अल्मेइदा हा पोर्तुगीज जेजुइट पाद्री. १५६५ सालीं साकाईच्याच हिबिया र्योकेइ या ख्रिस्ती व्यापाऱ्याकडे त्यानें पाहुणा म्हणून चहा घेतला व त्याच वर्षीं पत्रांत त्याचें वर्णन केलें. तेथील स्वच्छतेनें तो चकित झाला. परंतु किटलीचें झांकण ठेवण्याच्या चिमुकल्या लोखंडी तिवईची किंमत हजार सुवर्णमुद्रांवर होती, हेंहि त्यानें नमूद केलें. ग्रंथांतील निरिच्छ चहा आणि पत्रांतील मौल्यवान् भांड्यांचा चहा यांत अंतर आहे. याचा अर्थ साधेपणा मागाहून कल्पिला असा नव्हे. यामाझाकी येथील म्योकिआन मठांत, रिक्यूचीच मानली जाणारी, 'ताइआन' ही अवघ्या दोन चटयांची खोली अद्यापि उभी आहे. दोन्ही प्रकार एकाच काळीं नांदत होते, एवढेंच म्हणतां येतें.

साकाईहून आम्ही ओसाकाच्या शितेन्नोजी मंदिरांत गेलों. तेथें दर वर्षीं २२ एप्रिल रोजीं राजपुत्र शोतोकु याच्या स्मरणार्थ उत्सव होतो व तळ्यावरील दगडी रंगमंचावर प्राचीन दरबारी संगीत व नृत्य सादर होतें. पाठीस पंख लावलेलीं चार मुलें हातांतील लहान झांजा वाजवीत नाचूं लागलीं. नृत्याचें नांव 'कार्योबिन', म्हणजे आपल्या संस्कृतांतील 'कलविंक' पक्षी. हें नांव ऐकतांच आमचें अंतःकरण भरून आलें, हें कबूल केलें पाहिजे.

मोह येथेंच उत्पन्न होतो. बोधिसेन हा भारतीय भिक्षु ७३६ सालीं जपानांत आला आणि ७५२ सालीं नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलनविधि त्याच्या हस्तें झाला, हें निश्चित आहे. परंतु त्यानें व त्याचा सोबती बुत्तेत्सु यानें असलीं नृत्यें शिकविलीं, ही परंपरेची गोष्ट. या वर्गाचें जपानी नांव 'रिन्यूगाकु'. त्यांतील 'रिन्यू' हा भारत नसून चंपा, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधील प्राचीन राज्य होय. शिवाय नवव्या शतकांत दरबारानें परकी संगीताची नव्यानें मांडणी केली. १८७० सालीं सरकारनें क्योतो, नारा व ओसाका येथील वादकघराण्यांस तोक्योंतील नव्या संस्थेखालीं आणलें, आणि १८७६ व १८८८ सालीं प्रमाण स्वरलिपी ठरविल्या. इतक्या वेळां चाळलेल्या धान्यांतून मूळचा दाणा निवडणें सोपें नाहीं.

नारा येथील शोसोइन भांडारांत आठव्या शतकांतील पांच तारांचें 'बिवा' वाद्य जपलेलें आहे. त्यावर उंटावर बसलेल्या वादकाचें शिंपल्याचें जडावकाम आहे. वाद्य अस्सल, परंतु तें वाजविण्याची परंपरा लुप्त झाली. कलविंकनृत्याचें याच्या उलट: परंपरा जिवंत, परंतु प्रारंभाचा कागद नाहीं.

तात्पर्य, चालत आलेला आचार हा त्याच्या उगमाचा पुरावा नव्हे. तो जपणाऱ्या पिढ्यांच्या निष्ठेचा पुरावा होय, आणि ही योग्यता लहान नाहीं. कलविंकाचें नृत्य आपलें म्हणून मिरविण्याची घाई आपण करूं नये. अल्मेइदानें पाहिलें तेवढें लिहिलें, म्हणून साडेचारशें वर्षांनंतरहि त्याचें पत्र उपयोगी पडतें. पाहुण्यानें यजमानांचे उपकार फेडावयाचे ते असेच.