ब्लशर निवडताना...

मेकअपच्या पेटीत काजळ आणि लिपस्टिक यांना हमखास जागा मिळते. ब्लशरच्या वाट्याला मात्र बहुधा लग्नसमारंभच येतात. 'आमच्या सावळ्या रंगाला ते शोभत नाही' ही त्यामागची नेहमीची तक्रार. ती अगदीच निराधार नाही. पण दोष वर्णाचा नसून निवडलेल्या छटेचा असतो.

फिकट गुलाबी छटा तयार करताना लाल रंगद्रव्यात टिटॅनियम डायऑक्साइडसारखे पांढरे द्रव्य मिसळतात. गोऱ्या त्वचेत हा पांढरेपणा सामावून जातो. गव्हाळ वा सावळ्या त्वचेवर तो राखेसारखा वर तरंगतो आणि गाल टवटवीत दिसण्याऐवजी खडू फासल्यासारखे दिसतात. वास्तविक लाली प्रत्येकाच्या गालांवर येते. लाजल्यावर किंवा भराभर जिना चढल्यावर त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात. सावळ्या त्वचेतील मेलॅनिनमधून ही लाली गुलाबी न दिसता गडद, तांबूस दिसते. ब्लशरने साधायचे ते हेच. म्हणूनच वर्ण जितका गडद, तितकी छटाही गडद आणि ठसठशीत हवी. सौम्यपणा आणायचा तो हाताने, रंगाने नव्हे.

गोऱ्या वर्णाला फिकट गुलाबी आणि अबोली छटा खुलतात. गव्हाळ वर्णाला गाजरी, गडद गुलाबी किंवा विटकरीकडे झुकणारी छटा घ्यावी. सावळ्या आणि काळ्यासावळ्या वर्णाला डाळिंबी, वांगी, जांभूळ किंवा गडद विटकरी रंग शोभतो. डबीत पाहताना हे रंग भडक वाटतात आणि अनेकजणी तिथेच माघार घेतात. गालावर नीट मिसळल्यावर मात्र त्यांचा भडकपणा उरत नाही. चकाकी असलेली तपकिरी पावडर ब्लशर म्हणून सावळ्या ग्राहकांच्या माथी मारण्याची पद्धत काही दुकानांत आढळते. तिने गालाला उठाव येईल, लाली येणार नाही.

एकाच वर्णाच्या दोघींना एकच छटा शोभेल असेही नाही, कारण त्वचेखाली पिवळसर किंवा गुलाबी-निळसर झाक असते. मनगटावरच्या शिरांचा रंग पाहून ती ओळखावी, असे अनेकदा सांगितले जाते. गडद त्वचेत त्या शिरा धड दिसतही नाहीत. त्यापेक्षा दिवसाउजेडी, मेकअप न करता, चेहऱ्याजवळ आधी पांढरेशुभ्र आणि मग मोतिया रंगाचे कापड धरून पाहावे. मोतिया रंगाने चेहरा उजळला तर झाक पिवळसर समजावी आणि गाजरी, शेंदरी, विटकरी छटांकडे वळावे. शुभ्र रंग खुलत असेल तर राणी, वांगी, जांभूळ या छटा जवळच्या. दोन्ही सारखेच शोभत असतील तर निवडीला भरपूर वाव आहे.

आता प्रकाराविषयी. तेलकट त्वचेला पावडर ब्लशर बरे. कोरड्या आणि वयपरत्वे सुरकुतलेल्या त्वचेवर पावडर रेषांमध्ये साचते, तिथे क्रीम ब्लशर वापरावे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत क्रीम लवकर ओघळते. त्याचा अगदी पातळ थर देऊन वर त्याच रंगाची थोडी पावडर लावली तर लाली अधिक काळ टिकते. नागपूर-पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात हा खटाटोप लागत नाही. मुरुमे किंवा मोठी रंध्रे असतील तर चकाकीचे ब्लशर टाळावे, त्याने खड्डे उठून दिसतात. गालांवर वांगाचे डाग असल्यास ते आधी कन्सीलरने झाकावेत. उघड्या डागावर तांबूस रंग चढवला तर तो डाग अधिकच गडद दिसतो.

लावण्याचा क्रम चुकला की सारे बिघडते. आधी मॉइश्चरायझर व सनस्क्रीन, ते मुरल्यावर फाऊंडेशन. क्रीम ब्लशर कॉम्पॅक्टच्या आधी आणि पावडर ब्लशर कॉम्पॅक्टच्या नंतर. क्रीमवर पावडर चालते. पावडरीवर क्रीम मात्र गोळा होते. ब्रशवर पावडर घेतली की तो हलकेच झटकावा आणि गालाच्या हाडापासून कानशिलाकडे वर नेत फिरवावा. हसून गालाच्या फुगवट्यावर रंग लावण्याची सवय अनेकींना असते. पण हसू ओसरले की तो फुगवटा खाली येतो आणि चेहरा ओघळल्यासारखा दिसतो. रंग नाकपुडीपासून दोन बोटे दूर ठेवावा आणि नाकाच्या टोकाच्या रेषेखाली उतरू देऊ नये. चेहरा लांबट असेल तर रंग आडवा पसरावा, गोल असेल तर तिरका वर न्यावा. कडा बोटांनी किंवा स्पंजने पुसट करायला विसरू नये.

हे सारे शक्यतो खिडकीजवळ करावे. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या प्रकाशात लाल रंगाचा अंश कमी असतो. गाल फिकट वाटतात, हात सैल सुटतो आणि घराबाहेर पडल्यावर मग आरसा पाहवत नाही! रंग जास्त झालाच तर पुसू नये, वरून थोडी कॉम्पॅक्ट दाबावी.

खरेदी करताना पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, घटकद्रव्ये आणि वापराची अंतिम मुदत आहे का, हे पाहावे. परदेशी मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांकही हवा. यांपैकी काहीच नसलेली रस्त्यावरची डबी कितीही स्वस्त असली तरी गालांना लावू नये. नवे ब्लशर आधी कानामागे लावून एक दिवस वाट पाहावी, खाज किंवा पुरळ आल्यास वापरू नये. उघड्या डबीच्या चित्रात लिहिलेला '12 एम' किंवा '24 एम' हा आकडा ती उघडल्यानंतर किती महिने वापरावी ते सांगतो. शाकाहाराबाबत काटेकोर असणाऱ्यांनी घटकांच्या यादीत कार्माइन किंवा सीआय 75470 हे नाव शोधावे. हा लाल रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळवतात.