फौजेच्या पगारात गेलेला वऱ्हाड

झरी जामणी तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. 1853 पर्यंत नदीचे दोन्ही काठ निजामाच्याच राज्यात होते. त्या वर्षी अलीकडचा काठ वऱ्हाड प्रांताबरोबर ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला, आणि तोही लढाई हरून नव्हे, तर हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या थकलेल्या पगारापायी. निजामाच्या दरबारातला इंग्रज प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, हेन्री रसेलने उभ्या केलेल्या पलटणी हे या फौजेचे मूळ. चाकरी निजामाची, खर्चही निजामाचा. अधिकारी गोरे आणि हुकूम रेसिडेंटचा. पगार चुकवायला निजामाचा दिवाण चंदुलाल पामर कंपनी या सावकारी पेढीकडून भारी व्याजाने पैसे उचलत असे. ज्याच्या हाती हुकूम त्याला खर्चाची झळ नाही, अशी व्यवस्था लावल्यावर कर्ज न वाढते तरच नवल.

फौज अगदीच बिनकामाची होती, असे म्हणता येणार नाही. हदगावच्या बाजूला नोव्ह्याच्या गढीत ठाण मांडलेल्या नौसाजी नाइकाचे बंड 1819 मध्ये तिनेच मोडले. बंदोबस्त हवा तर पैसे मोजावेत, हा आक्षेप तसा रास्तच. पण संरक्षणाची किंमत निजामाने कंपनीशी झालेल्या 1800 च्या तहात बल्लारी-कडप्याकडचा मुलूख देऊन एकदा चुकवली होती. त्या तहात त्याने आपले सैन्य द्यायचे होते ते युद्धाच्या वेळी; शांततेत कायमची फौज पोसायचे कलम नव्हते. हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीने आपल्या टिपणात मान्य केले आणि तरीही वऱ्हाड घेतला. पुढे रेसिडेंट डेव्हिडसननेही 1860 मध्ये लिहिले, की दोन्ही सरकारांचे देणेघेणे निःपक्षपातीपणे मोजले असते तर फौजेच्या पगारापायी निजामावर चढलेल्या या कर्जावर ब्रिटिशांचा न्याय्य हक्क उरला नसता.

1853 च्या तहाने फौज ठरली किमान 5,000 पायदळ, 2,000 घोडदळ आणि चार तोफखान्यांची. वऱ्हाडच्या वसुलीतून तिचा खर्च भागवून शिल्लक निजामाला द्यायची आणि दरसाल हिशेब दाखवायचा, असेही ठरले. 1860 च्या तहात निजामाकडचे ब्रिटिशांचे 50 लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. बदल्यात हिशेब मागण्याचा हक्क गेला. माझ्या मते खरा तोटा इथे झाला. शिल्लक किती, हे खर्च करणाराच सांगणार म्हटल्यावर भांडायचे तरी कशाच्या आधारावर? निजामाचा दिवाण सालारजंगाने वऱ्हाड सोडवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, ती व्यर्थ गेली. 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला 25 लाखांच्या खंडाने वऱ्हाड कायमचा घेतला. पाठोपाठ कंटिंजंट हिंदी सैन्यात विरून गेली. जिच्या पगारासाठी प्रांत अडकवला होता ती फौजच उरली नाही, प्रांत मात्र सुटला नाही.