माणशी अर्धा एकर

१९७२चा दुष्काळ आमच्या पुरंदर तालुक्यानं खडी फोडून काढला. त्याच सुमाराला पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे इकडं आले. पाऊस थोडा का होईना पडतो, मग तो जातो कुठं, हे त्यांनी शोधायला घेतलं. नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन भाडेपट्ट्यानं घेतली, बांध घातले, पाझर तलाव केला, खाली विहीर खोदली. १९७४मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान उभं राहिलं. त्यातूनच पुढं पाणी पंचायत निघाली.

हिशेब साधा. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी भरायचा. ऊस लावायचा नाही.

सांगायला हे सोपं. पाळायला लावायचं ते पाटकऱ्यानं. गटानं नेमलेला हा माणूस कुणी बडा नसायचा, गावातलाच. पाळी संपली की सख्ख्या चुलत्याचंही पाणी बंद करायचा. चुलता मग चार दिवस बोलायचा नाही. पण पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोचायचं ते अशा वाईटपणा घेणाऱ्यांमुळंच.

आमच्या आजीला अप्रूप वेगळंच. म्हणायची, "सातबाऱ्यावर माझं नाव न्हाई रं, पण पाण्याला माणसं मोजली तवा मला बी मोजलं."

२००२मध्ये विलासराव गेले. आता ज्याला जितकं खोल बोअर परवडतं, तितकं त्याचं पाणी. तिथं माणसं कोण मोजतंय?