पाचटाचा भाव

ऊस तुटून गेला की फडात गुडघाभर पाचट उरते. हेक्टरी आठ-दहा टन तरी सहज. वारा पडला की त्याला काडी लागते आणि तासाभरात रान काळे होते. याच पाचटातून जळाऊ वायू काढून भट्टी पेटवता येते, इंजिन फिरवता येते. मग ते असे वाया का जाते? यंत्र नाही म्हणून नव्हे. हिशेब बसत नाही म्हणून. आणि हा हिशेब जुना आहे.

1812 मध्ये लंडनच्या गॅस कंपनीला सनद मिळाली. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवून निघालेल्या वायूवर रस्त्यांतले दिवे लागले. 1860च्या दशकात मुंबईतही गॅसबत्त्या आल्या. हे कारखाने नुसत्या वायूवर जगत नव्हते. मागे राहिलेला कोक आणि डांबर विकून त्यांना हातभार लागे. ही गोष्ट पुढच्या अनेकांनी लक्षात ठेवायला हवी होती.

लाकडाची पाळी दुसऱ्या महायुद्धात आली. फ्रान्सच्या जॉर्ज इम्बर्टने 1920च्या दशकात गाडीला जोडता येईल अशी भट्टी बनवली होती. तिच्यात हवा मोजकीच सोडायची, म्हणजे लाकूड पुरते जळत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निघतो. पेट्रोल मिळेना तसा युरोप या भट्ट्यांवर धावू लागला. एकट्या स्वीडनमध्ये अशा सत्तर हजारांवर गाड्या होत्या. आपल्याकडेही कोळशाच्या मोटारी निघाल्या. मागे उभी टाकी. सकाळी क्लीनर हाताने पंखा फिरवायचा, वायू नीट पेटतोय असे दिसले की मगच इंजिन सुरू व्हायचे. राख काढा, गाळणी धुवा, ताकद पेट्रोलपेक्षा बरीच कमी, चढाला गाडी रडतखडत. पेट्रोल परत मिळू लागताच टाक्या भंगारात गेल्या. यात कुणाचा दोष नाही. रोजचे हे काम कुणाला तरी करावे लागते, आणि त्याची मजुरी इंधनाच्या भावात धरावीच लागते.

1973 च्या तेलटंचाईने विषय पुन्हा वर आला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातल्या होसहळ्ळीत 1988 मध्ये लाकडावर चालणारे छोटे वीजघर उभे केले. सुंदरबनात गोसाबा बेटावर 1997 मध्ये 500 किलोवॉटचे केंद्र आले. बिहारमध्ये तमकुहा गावी 2007 मध्ये भाताच्या तुसावर वीज सुरू झाली. तूस तेव्हा जवळजवळ फुकट होते. मागणी दिसताच गिरणीवाले पैसे मागू लागले. पुढे ती वीज पुरवणाऱ्या कंपनीला सौरऊर्जेची जोड घ्यावी लागली. मला यातला हाच धडा सर्वांत मोलाचा वाटतो: कचरा फुकट असतो तो गिऱ्हाईक येईपर्यंतच.

आता फलटणकडे येऊ. निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी पाचट आणि चिपाड चालेल असा गॅसिफायर, म्हणजे वायू काढणारी भट्टी, बनवला. 1997 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. 700 तासांहून अधिक चाचणी झाली, मग तो एका कारखान्यातल्या तेलावरच्या भट्टीला जोडला गेला. त्यांनी वीज नव्हे, उष्णता निवडली, हे फार शहाणपणाचे होते. इंजिनाला वायू डांबरमुक्त लागतो आणि धुण्याचा खर्चच कंबरडे मोडतो. भट्टीला एवढे सोवळे लागत नाही. शिवाय सुमारे पाव हिस्सा कोळसा मागे उरतो. त्याच्या कांड्या करता येतात किंवा तो शेतात टाकता येतो. लंडनच्या कोकचीच ही गोष्ट.

अडले ते फडातच. सुटे पाचट घनमीटरला जेमतेम पन्नास किलो भरते. त्यातली ऊर्जा वीस-बावीस लिटर डिझेलएवढी. ट्रॉली शिगोशिग दिसते, वजन मात्र भरत नाही. गोळा करणे, बांधणे, वाहणे यातच पैसा जातो. आणि पाचट कुजवून खोडव्याला आच्छादन केले तर जमिनीला मिळणारा फायदाही मोजला पाहिजे.

म्हणून उरलेला माल जिथे आधीच गोळा झालेला आहे, म्हणजे भातगिरणीत, लाकडाच्या वखारीत, साखर कारखान्याच्या आवारात, आणि गरज उष्णतेची आहे, तिथेच हे यंत्र पैसे फेडते. फडातले पाचट हवे असेल तर कारखान्यांनी उसासोबत पाचटाचाही टनाचा भाव हंगामाआधी जाहीर करावा. बांधणी आणि वाहतूक धरून. त्याआधी गॅसिफायर विकत घेऊ नये.